चौथं बटण

आमचे हे कुठलंही बटण एकदा दाबत नाहीत. लिफ्टचं दोनदा, दारावरच्या घंटीचं दोनदा. दिव्याचंही दोनदा दाबतात आणि मग दिवा का लागत नाही म्हणून माझ्यावर खेकसतात. चहा उभ्यानं पितात, जेवताना मध्येच उठून पाना शोधतात. पायाला भिंगरी म्हणतात ती ह्यांच्या बोटांनाही आहे.

घराच्या खालीच आमचं दुकान. बिघडलेल्या वॉशिंग मशीनचे आणि मायक्रोवेव्हचे बोर्ड हे दुरुस्त करतात, मी गिऱ्हाइकं सांभाळते. वरच्या खोलीत सासरे असतात. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. जे काही सांगायचं ते पाटीवर लिहितात. अधूनमधून दम लागतो, तेव्हा वाफेचं मशीन कुणीतरी पटकन तोंडाला लावून द्यावं लागतं. तेवढ्यासाठी आम्ही त्यांना घंटी दिली होती. पण घंटी नुसतीच वाजते. ती वाजली की हे हातातली तापलेली सोल्डरिंग गन टाकून जिना चढायचे, आणि वर बाबा पलंगाखाली गेलेल्या चपलेकडे बोट दाखवायचे.

"घंटी नको, शब्दच खाली आला पाहिजे," हे म्हणाले आणि कामाला लागले. आपण लिहिलेल्या सूचना ज्यात भरता येतात असे मायक्रोकंट्रोलरचे दोन छोटे बोर्ड घेतले. एक बाबांच्या उशाशी, दुसरा दुकानातल्या टेबलावर, आणि जिन्याच्या कठड्याला बांधून आणलेली तार. वर बटण दाबलं की त्या बटणाचा शब्द एकेक अक्षर करून तारेतून खाली येणार, पिप्प असा आवाज होणार आणि छोट्या पडद्यावर शब्द दिसणार.

वरच्या बोर्डाच्या डब्याला बटणांसाठी भोकं चार पाडली होती. 'पाणी', 'वर ये', 'श्वास लागतोय' अशी तीन बटणं ठरली. "बाबा, चौथ्यावर काय टाकू?" ह्यांनी विचारलं. बाबांनी पाटीवर लिहिलं, काही नाही. म्हणजे आणखी काही नको. पण ऐकून घ्यायला किंवा पाटी नीट वाचायला थांबतील तर ते आमचे हे कसले! धडाधडा जिना उतरून त्यांनी चौथ्या बटणावर 'काही नाही' असाच शब्द टाकला. बाबांनी कपाळावर हात मारला आणि आवाजाशिवाय पोटभर हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी चारही बटणं ओळीनं दाबून बघितली. मी खाली पडद्यापाशी उभी राहून ओरडून सांगत होते, आलं, आलं. सगळं ठीक होतं. हे खाली येऊन एका वॉशिंग मशीनची जाळी झाडत बसले.

थोड्या वेळानं पिप्प वाजलं. पडद्यावर आलं, काही नाही.

"बघ, म्हाताऱ्याला खेळणं मिळालं," हे खूश होऊन म्हणाले आणि पुन्हा कामात डोकं घातलं.

मी सहज गच्चीवर कपडे काढायला चालले होते म्हणून निभावलं. खोलीचं दार उघडं होतं. बाबा पलंगाच्या कडेला वाकून बसले होते, ओठ काळेनिळे पडलेले आणि हात डब्यावर. माझ्या किंकाळीनं हे वर आले.

दवाखान्यात बाबांना जरा बरं वाटल्यावर ह्यांचा तोल गेला. "अहो बाबा, एवढा जीव काढून ते केलं, एक बटण दाबायला काय झालं होतं तुम्हाला?" बाबांनी एक बोट वर केलं. एकदा दाबलं होतं. "मग आलं कसं नाही खाली?" बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला त्या क्षणी ह्यांचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन बसले.

बाबा घरी आले त्या दुपारी ह्यांनी मला वर बसवलं आणि स्वतः पडद्यासमोर उभे राहिले. मी बाबांना म्हटलं, दाबा काहीतरी. त्यांनी 'पाणी' दाबलं, एकदाच. मी जिन्यातून वाकून विचारलं, "अहो, आलं का?"

ह्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर होतं, श्वास लागतोय.

चूक साधी होती. अक्षरं येत राहतात, पण शब्द संपला हे खालच्या बोर्डाला आपोआप कळत नाही. त्यासाठी शब्दाच्या शेवटी एक खूण पाठवायची असते. ह्यांनी घाईत ती शब्दाच्या आधी लिहिली होती. त्यामुळे प्रत्येक शब्द खाली येऊन अडून राहायचा आणि पुढचं बटण दाबलं की दिसायचा. हे दोनदा दाबणारे, म्हणून ह्यांचं सगळं बरोबर आलं होतं. बाबांनी सबुरीनं एकदाच दाबलं आणि वाट बघत बसले, तेव्हा ह्यांचाच सकाळचा शेवटचा शब्द पडद्यावर आला होता, आणि बाबांचा शब्द त्या दुपारी 'पाणी' दाबेपर्यंत अडून राहिला होता.

खूण जागेवर गेली. तपासताना ह्यांनी डाव्या हातानं उजवा हात धरून ठेवला होता, दुसऱ्यांदा दाबलं जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, ते चौथं बटण आता काढून टाका, मला बघवत नाही. ह्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी डब्यावर हात ठेवला आणि मान हलवली, नको.

आता 'पाणी' आलं की हे मला पाठवतात. 'काही नाही' आलं की मात्र हातातलं सगळं टाकून स्वतः वर पळतात, आणि बाबांना हे पक्कं ठाऊक झालं आहे. रोज दुपारी एकदा तरी पिप्प वाजतं. हे जातात आणि, खोटं वाटेल, पण तिथे बसतात. परवा बराच वेळ झाला तरी खाली आले नाहीत. गिऱ्हाईक ताटकळलं होतं. आले तेव्हा डोळे ओले होते.

"काय म्हणत होते बाबा?" मी विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले.