तिसऱ्या पाण्याची छांग

आंबवलेल्या सातूवर पहिलं पाणी ओतलं की कडक छांग, म्हणजे आमची घरची दारू, निघते. ती आमच्या शेजारची यांगडोलआजी नवऱ्याला द्यायची. दुसऱ्या पाण्याची पाहुण्यांना, आणि तिसऱ्या पाण्याची मिळमिळीत छांग स्वतः प्यायची. पहिलीत तांब्याभर पाणी जास्त पडलं, की म्हातारा तुंडुप घर डोक्यावर घ्यायचा.

तो गेला, तरी यंदा आजीने सातू तेवढाच आंबवला. मी करवादले, "आता तरी पहिली पी की गं!"

तिने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "म्हातारा हे घशाखाली कसं उतरवायचा?"

मग ती पाणी घालत गेली. एका हंड्याचे तीन हंडे झाले. त्यांच्याकडे बघत म्हणाली,

"एवढं पाणी घातलं गं, अन् ओरडायला कुणी नाही."