खामगावचा 'भोंगा' आणि दिवाकर

सलीमचा फोन आला तेव्हा मी नाशिकला, घरच्या गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. इकडचं तिकडचं काही न बोलता तो म्हणाला, "बंडू, दिवाकर गेला." त्याला आता पाच आठवडे झाले. आम्हा तिघांचा एक बँड होता, हे आज खामगावात सांगितलं तर लोक हसतील. पण होता. नाव 'भोंगा'.

ऐंशीच्या दशकातली, कॉलेजातली गोष्ट. दिवाकरचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांच्या घरी एक शॉर्टवेव्ह रेडिओ होता आणि त्याच्या खरखरीतून परदेशी स्टेशनं लागायची. तिथं दिवाकरला न्यू वेव्ह हा इंग्रजी गाण्यांचा नवा प्रकार सापडला. कोरडा ठोका, सिंथेसायझरचा थंड सूर आणि गाणारा असा, की जणू शेजाऱ्याकडे तक्रार करतोय. आम्हाला ते संगीतच वाटेना. दिवाकरनं आम्हाला जिनिंगच्या भिंतीशी नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "ऐका बे. हे आपल्याच गावचं हाये." आत सरकी काढायचे रेचे चालू होते, आणि खरंच, तोच ठोका होता. सलीमनं तो ड्रमवर उतरवला. मी अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनं बेस गिटार आणलं. दिवाकरच्या आतेभावानं दुबईहून छोटा कीबोर्ड पाठवला होता. गाणी दिवाकरची, थेट वऱ्हाडीत. जलंबच्या फलाटावर खामगावच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुलीवर एक होतं, ते मला अजून येतं.

गॅदरिंगला आम्ही पहिल्यांदा वाजवलं तेव्हा अर्धं सभागृह उठून गेलं. उरलेल्या अर्ध्यानं मात्र तेच गाणं तीनदा म्हणायला लावलं. त्याच्या जोरावर दिवाकरनं नागपूरला एका स्टुडिओत रेकॉर्डिंग ठरवलं. नेमकं त्याच आठवड्यात मला साताऱ्याला बँकेत रुजू व्हायचं पत्र आलं. महिनाभरात सुट्टी काढून येतो, रेकॉर्डिंग तेवढं पुढं ढकल, असं मी त्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "जाय. नोकरी हाये." महिन्याभरात मी गेलो नाही. नंतरही नाही. पुढे कधीतरी पोस्टानं दिवाकरकडून एक कॅसेट आली, सोबत चिठ्ठी नाही. पहिल्या बाजूला सलीमच्या घरी टेप केलेली आमची जुनी गाणी होती. ती ऐकली आणि उलटवून दुसरी बाजू लावायचा धीर झाला नाही. कॅसेट ठेवून दिली.

'भोंगा' तिथंच संपला. दिवाकर वडिलांच्या जागी जिनिंगमध्ये लागला. ज्या आवाजावर त्यानं गाणी बांधली, त्याच आवाजात पंचवीस वर्षं उभा राहिला, आणि त्या आवाजानंच त्याचे कान नेले. लग्नाकार्यात भेटला की तो माझ्या ओठांकडे बघत राहायचा, मग हसायचा. रागावलाय का, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. शेवटी शेवटी आम्ही मोबाइलवर लिहूनच बोलत असू. गेल्या वर्षी त्याचा मेसेज आला, ती कॅसेट आहे का म्हणून. तुला आता कशाला, असं मी विचारलं. उत्तर आलं, "मले नाही. सुमनले ऐकवायची हाये." सुमनवहिनींशी त्याचं लग्न झालं तोवर त्यानं गाणं सोडलं होतं. 'शोधतो' असं मी लिहिलं. शोधलं नाही. तो गेल्यावर माळ्यावरच्या पेटीत ती दहा मिनिटांत सापडली...

तेराव्यानंतर सलीमचा टेपरेकॉर्डर घेऊन मी दिवाकरच्या घरी गेलो. वहिनी त्याच्या खोलीत खाली बसल्या, पदर सावरून, पाहुण्यांसमोर बसावं तशा. पहिलं गाणं सुरू झालं आणि बावीस वर्षांच्या दिवाकरचा आवाज खोलीत आला. त्या हलल्या नाहीत. संपल्यावर हळूच म्हणाल्या, "असे गात होते काय... मले कधी सांगतलंच नाही, भाऊजी." मग त्यांनी स्वतःच कॅसेट उलटवली.

दुसऱ्या बाजूला नागपूरचं गाणं होतं. मी नसतानाही त्यानं ते रेकॉर्ड केलं होतं, हे मला तेव्हा कळलं; सलीमही कधी बोलला नव्हता. जलंबच्या फलाटाचंच गाणं, पण बेसशिवाय पोकळ वाटणारं. मध्यावर कीबोर्ड थांबला आणि दिवाकर गाता गाता बोलला, "बंडू, इथं तुह्यासाठी जागा सोडली हाये. आला का वाजवजो."

पुढे सलीमचा ठोका तेवढा चालू राहिला. माझी बोटं मांडीवर होती, त्यांना काही आठवेना. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ती मोकळी जागा संपेपर्यंत आम्ही दोघं तशीच बसून राहिलो.