छातीचा एक इंच

आमच्या घरापुढच्या ओट्याला, म्हणजे तिण्णैला, रोज संध्याकाळी पाच-सहा जण टेकतात. पानाला चुना लागेपर्यंत कुणीतरी हणमंतरावाचं नाव काढतोच. माणूस जाऊन तीन वर्षं झाली, पण किस्से काही संपत नाहीत. उलट वाढतायत! जिवंत होता तेव्हा जेवढे नव्हते तेवढे मेल्यावर झाले. त्यातले निम्मे खोटे आहेत, हे मी छातीठोक सांगतो. एक तर मी त्याचा शेजारी. आणि दुसरं म्हणजे, त्याचा जेवढा हेवा मी केला तेवढा तिरुवैयारुपासून तंजावूरपर्यंत कुणी केला नसेल. हेवा करणारा माणूस फार बारीक लक्ष ठेवतो, मंडळी!

तेव्हा खरे किस्से माझ्याकडूनच ऐका.

०

आधी भरतीचं सांगतो. मोठं युद्ध चालू होतं. तंजावूरला पलटणीत माणसं घेतायत अशी दवंडी आली. हणमंता आणि मी एका वयाचे, एकाच वाय्क्कालात पोहायला शिकलेले. वाय्क्काल म्हणजे कावेरीतून आमच्या शेतांकडे येणारा पाट. दोघं मिळून निघालो. माझ्या बापानं स्वतःच्या हातानं मला पागोटं बांधलं. आजोबा राजांच्या पागेत होते. राज्य खालसा झालं, पागा मोडली आणि आम्ही भाताच्या चिखलात उतरलो. घराण्यात पुन्हा कुणी कमरेला पट्टा बांधणार म्हणून बाप रडला.

संध्याकाळी मी एकटा परत आलो. हणमंताला घेतलं होतं.

"आणि तुला रे?" बापानं विचारलं.

"छाती एक इंच कमी पडली."

त्या दिवसापासून मी गावात 'एक इंच'! लग्नात पंगतीला बसलो तरी कुणीतरी ओरडायचं, "विठोजीरावांना भात एक इंच जास्त वाढा!"

०

तीन-चार वर्षांनी हणमंता बसऱ्याहून परत आला. डावा पाय लंगडत होता, अंगात खाकी कोट होता, आणि कोटावर मेडल.

नेमकं आडी अठराच्या आदल्या दिवशी आला! आडी महिन्यात कावेरीला पाणी चढतं. अठराव्या दिवशी बायका चिंचेचा भात, दहीभात घेऊन नदीवर जातात, आणि पुरुष वाय्क्कालाच्या तोंडाशी जमतात. तिथला मातीचा बांध फोडून पाणी आत घ्यायचं, आणि त्या बांधावर पहिलं फावडं मारायचा मान आमच्या घराचा. आजोबांनी मारलं, बापानं मारलं. बाप त्याच चैत्रात गेलेला. म्हणजे त्या वर्षी पहिलं फावडं माझं.

मी धूतवस्त्र नेसून, फावड्याला हळदकुंकू लावून उभा. गावचे मणियकार, म्हणजे आपले पाटील, आले. फावडं माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांना लावलं आणि हणमंताच्या हातात दिलं!

"युद्धाहून आलेला माणूस आहे," ते म्हणाले. "विठोजीराव, तुमची काही हरकत?"

शे-दीडशे माणसांसमोर हरकत कोण घेतो? हणमंता मात्र कुजबुजला, "अरे, हे तुझं आहे ना?" मी म्हटलं, "मार, मार." त्यानं मारलं. पुढची वीस वर्षं तोच मारत राहिला. आणि दर वर्षी फावड्याला हळदकुंकू लावून द्यायचं काम माझ्याकडे!

०

एकदा पाट बघायला कलेक्टर दोरै, म्हणजे गोरे साहेब, आले. आमच्या चिंचेच्या झाडाखाली कँप पडला. मी ठरवलं, आज दाखवतोच. आजोबांचं जरीचं पागोटं काढलं, आमच्या परसातल्या शेवंतीचा हार गुंफून घेतला, आणि इंग्रजीतली दोन वाक्यं शाळामास्तरांकडून पाठ करून घेतली.

हणमंता उघड्या अंगानं शेतातून येत होता, पायाला चिखल. कुणीतरी पळत जाऊन त्याच्या घरून कोट आणला आणि त्याच्या अंगात चढवला.

मी दोरैंच्या गळ्यात हार घातला. पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं सुरू करणार, तेवढ्यात दोरैंची नजर मेडलवर गेली.

"बसरा?" त्यांनी विचारलं.

"बसरा," हणमंता म्हणाला.

दोरै उठले, गळ्यातला हार काढला आणि हणमंताच्या गळ्यात घातला. हात हातात घेऊन हलवला.

माझं दुसरं वाक्य आजही घशात आहे. घरी आलो तर बायको म्हणाली, "किती साधा माणूस! युद्धावर जाऊन आला तरी आवाज चढत नाही. तुम्ही घरात बसून पलटण चालवता."

त्या रात्री मी जेवलो नाही. तिनं विचारलंही नाही!

०

मग माझा दिवस आला. ओरत्तनाडुला एका लग्नात बसऱ्याहून आलेला दुसरा एक शिपाई भेटला. मी सहज विचारलं, "आमचा हणमंतराव तिकडं फार लढला म्हणे?"

तो हसला. "कोण, लंगडा हणमंत? तो खेचरांकडे होता, अप्पा! चारापाणी करायचा, पाठीवर सामान लादायचा. बंदूक कुठली? खेचरानंच लाथ मारली, म्हणून तर लंगडतो."

लग्नातलं जेवण टाकून मी बैलगाडी जुंपली. रस्ताभर गाणं म्हणत आलो. तिण्णैवर अस्के बसलेले, म्हणजे झाडून सगळे, आणि मधोमध हणमंता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आता बोल!"

हणमंता शांतपणे म्हणाला, "मग? खेचरंच होती. मी कधी म्हटलं बंदूक मारली? तुम्ही अस्के बंदूक बंदूक करत होता, मला बोलू कुठं दिलंत?"

सगळे हसले, पण मला! आणि मग त्यानं खेचरांच्या गोष्टी सुरू केल्या. वाळूत पाणी कसं हुंगतात, मालकाचा आवाज मैलावरून कसा ओळखतात. लोक मांडी ठोकून ऐकत बसले. दुसऱ्या दिवसापासून पंचक्रोशीतली आजारी गुरं त्याच्या दारात!

हसून झाल्यावर त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी बैल सोडायला सटकलो. का सटकलो, हे तिण्णैवर मी कधी सांगितलेलं नाही. इथं लिहितो, कारण तिण्णैवरचे सगळे तमिळ वाचणारे. गावात देवनागरी वाचणारे आम्ही दोघंच होतो, त्यातला एक गेला.

माझी छाती मोजलीच नव्हती.

भरतीच्या रांगेत हणमंता पुढं, मी मागं. टेप घेतलेला माणूस दोन पावलांवर आला आणि माझा धीर सुटला. "आलोच" म्हणून मी निघालो, तो थेट मारुतीच्या देवळामागं जाऊन बसलो. रांग संपेपर्यंत बसून राहिलो. हणमंतानं मागं वळून पाहिलं होतं. माझी जागा रिकामी होती, हे जगात त्या एकट्याला माहीत होतं.

आणि मी त्याच माणसाचं भरल्या तिण्णैवर पितळ उघडं पाडायला गेलो होतो! तो एक वाक्य बोलला असता तर मला गाव सोडावं लागलं असतं. तो बोलला नाही. कुणाला वाटेल मला बरं वाटलं असेल. छे! मी आणखीच जळलो. माझी अब्रू त्याच्या खिशात आणि तो ती कधी बाहेरही काढत नव्हता.

०

माझा एक बैल होता, मयिला. करड्या रंगाचा, देखणा. एकदा त्याचं पोट फुगलं, खाली पडला, डोळे फिरवले. मी म्हटलं, मेला तरी चालेल, हणमंताला बोलवायचं नाही. बायको परसदारानं जाऊन बोलावून आली!

त्यानं आल्या आल्या मयिलाला उठवलं. तेलात हिंग घालून पाजलं, डाव्या कुशीला चोळलं, आणि लंगडत लंगडत दोन तास त्याला अंगणात फिरवलं. पलटणीतली हिंदुस्थानी बोलत होता. "शाबास बेटा, चल बेटा." मयिला वाचला.

पण त्याला खोड लागली. गाडी हणमंताच्या दारावरून जायला लागली की हा थांबायचा. चाबूक उगारला तरी हलायचा नाही. आतून आवाज यायचा, "जा बेटा." मग हलायचा!

बैल माझा, पेंढा माझा, गाडी माझी. आणि हुकूम त्याचा! सांगा, माणसानं जळावं नाही तर काय करावं?

०

हणमंता तापानं गेला. आडी अठराला दहा दिवस होते. सात गावांची माणसं आली. कोट अंगावर घालावा असं काहींचं म्हणणं होतं, पण त्याची बायको म्हणाली, "तो आजारी वासराच्या अंगावर आहे. त्यांनीच घातला. राहू द्या."

चितेची लाकडं माझ्या गाडीत होती. मयिला म्हातारा झाला होता, तरी जुंपला. हणमंताच्या दाराशी आलो आणि तो थांबला. मागं लोक खोळंबले. कुणी शेपटी पिरगाळली, कुणी जू ओढलं. मयिला दाराकडे बघत उभा.

शेवटी मी गाडीवरून उतरलो, त्याच्या कानाशी गेलो, आणि सगळ्या गावासमोर मलाच म्हणावं लागलं, "जा बेटा."

मयिला चालायला लागला. मला पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता.

०

पण सगळ्यात भारी किस्सा त्याच्या आठ दिवस आधीचा. तो मी राखून ठेवला होता.

हणमंता अंथरुणाला खिळला होता. मणियकार भेटायला आले, मागोमाग अर्धं गाव. मी दाराशी, चौकटीला टेकून उभा.

"हणमंतराव," मणियकार म्हणाले, "यंदा फावड्यासाठी उठवेल का?"

"नाही," हणमंता म्हणाला. "यंदा फावडं विठोजीला द्या. त्याच्या बापाचं आहे. वीस वर्षं मी नुसतं सांभाळलं."

सगळे माझ्याकडे वळले. गर्दीतून न्हावी शेषूनं तोंड घातलंच. "द्या की! पण फावडं पेलेल का? छाती एक इंच कमी आहे ना!"

हशा पिकला. हणमंताची बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मी खाली जमिनीकडे बघत राहिलो. वीस वर्षं मी याच दिवसाला भीत होतो. मरणाऱ्या माणसाला कसली भीड?

हणमंता कोपरावर उठला. त्याला धाप लागली होती. त्यानं हात वर केला तसे सगळे गप्प झाले.

"कोण म्हणतं एक इंच?" तो म्हणाला. "अर्धा! मी शेजारी उभा होतो, टेप माझ्या डोळ्यांनी पाहिली. अर्धाच इंच कमी पडला."