पट्टी लावून खोडलेली सही

तिनं पट्टी घेतली, माझ्या नावावर ठेवली आणि सरळ रेघ मारली. मग म्हणाली, "तुमची सही चालत नाही. तुम्ही जर्मन नाही ना."

एर्लांगेनचा शनिवारचा बाजार. भर चौकात. माझी दहा वर्षांची लेक माझा हात धरून उभी.

इथं बायर्न राज्यात चौथीच्या गुणांवर ठरतं, मूल पुढे कुठल्या शाळेत जाणार. गिम्नाझियम मिळालं तर विद्यापीठाची वाट सरळ. नाही तर मिटेलशूल, आणि लवकर कामाला. दहाव्या वर्षी फैसला! माझ्या पोरीचं गिम्नाझियम थोडक्यात हुकत होतं. शाळा पालकांना निवडू द्या, या मागणीसाठी राज्यभर सह्या गोळा होत होत्या. पुरेशा झाल्या तर प्रश्न लोकांच्या मतदानाला जाणार होता. मी घरचे समोसे मांडून चौकातल्या सह्यांच्या टेबलामागे घसा बसेपर्यंत लोकांना हाका मारल्या. मग स्वतः सही केली. मागे परदेशी रहिवाशांच्या मंडळाची निवडणूक झाली, तेव्हा राटहाउसनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, मला पत्र पाठवून मतदानाला बोलावलं होतं. मला वाटलं, हेही तसंच. खुळी मी.

टेबल सांभाळणारी ती बाई डॉक्टर. तिचा मुलगा केव्हाच गिम्नाझियमला लागलेला. बाई दुष्ट नव्हती, तेच जास्त लागलं. हसून म्हणाली, "समोसे मात्र राहू द्या हं. ते बघून लोक थांबतात."

माझं डोकं सणकलं. माझा घसा चालतो. समोसे चालतात. पगारातून कापलेला कर चालतो. मी ताट उचललं. म्हटलं, "सही नको, तर समोसेही नकोत."

बसमध्ये लेकीनं जर्मनमध्ये विचारलं, "आई, तिनं तुला का खोडलं?" तुझं नाव, असं म्हणाली नाही पोर. घरी येऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

माझे वडील, अण्णा, पुण्यात महापालिकेत झाडूकाम करायचे. मतदानाला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. म्हणायचे, "त्या दिवशी साहेब माझ्या मागं रांगेत." त्यांच्यासाठी मी भारताचा पासपोर्ट जपला. पण मत द्यायला तिकडं जाणं कधीच जमलं नाही. आणि इथं मत नाही. इतकी वर्षं मी कुणाच्याच मोजणीत नव्हते.

सह्या पुरल्या नाहीत. पोरगी मिटेलशूलला गेली. शाळेचं विचारलं की "पास्ट शोन" म्हणते, चाललंय, आणि दार लावून घेते. तिचं गेलं ते गेलं. मला ते जन्मभर सलणार.

धाकटी आता पहिलीत आहे. पुढच्या वेळी माझी सही खोडता येऊ नये म्हणून मी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केलाय. नवरा म्हणाला, "अगं, आपला पासपोर्ट परत द्यावा लागेल. अण्णांना काय सांगशील?"

"मीच सांगते. तुम्ही मध्ये पडू नका."

सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. अजून त्यांनी केलेला नाही.

पासपोर्ट देईन त्या दिवशी मी रडेन, मला ठाऊक आहे. रडत रडत देईन. पण धाकटीच्या शाळेचा निर्णय मला वगळून कुणी घ्यायचा नाही. मी घेऊ देणार नाही.