गोगटेबाईंची भाजणी आणि पंचावन्न डेसिबल

एक चक्की बंद केली तरी मीटरवर बहात्तर आले. दोन्ही चालू असताना पंच्याहत्तर होते.

आम्ही तिघं शनिवार पेठेतल्या एका गॅलरीत उभे होतो. गॅलरी गोगटेबाईंची. समोर बोळापलीकडे रफीकभाईंची पिठाची गिरणी. रफीकभाईंनी आधी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, निम्मी गिरणी बंद केली मी. आणि तीनच कमी?"

"निम्म्याचे तीनच होतात."

"मग दुसरी बंद केली की एकोणसत्तर?"

गोगटेबाई म्हणाल्या, "मीटर कुठून घेतलात हो?"

आवाज मोजणं आणि तो कमी करून देणं हा माझा व्यवसाय. कार्डावर 'अकूस्टिक कन्सल्टंट' असं छापलं आहे. घरी ते कार्ड चालत नाही. आमच्या मिक्सरचा आवाज लग्नापासून आहे तेवढाच आहे आणि हिच्या मते हाच माझ्या कामाचा खरा नमुना.

गोगटेबाई गाणं शिकवतात. त्यांचं म्हणणं असं, की तंबोरा लावला की त्यात गिरणीचा सूर मिसळतो आणि मुली त्या सुरात गायला लागतात. दोघी क्लास सोडून गेल्या होत्या. म्हणून बाईंनी तक्रार केली. अधिकारी पाहून गेले आणि सांगून गेले, की वस्तीत दिवसाची मर्यादा पंचावन्न डेसिबल. पुढच्या तपासणीला आकडा त्याच्या आत आला नाही, तर गिरणीला कुलूप. गिरणी रफीकभाईंच्या आजोबांनी काढलेली. दुसरं काम त्यांच्या घरात कोणाला येत नाही, असं ते स्वतःच सांगतात. म्हणून त्यांनी मला बोलावलं.

आता ते तीन. कानाला सोसतो तो मोठ्यात मोठा आवाज ऐकू येणाऱ्या लहानात लहान आवाजाच्या इतक्या पट असतो, की आकडा लिहिताना शून्यं मोजायलाच माणूस ठेवावा लागेल. म्हणून आम्ही आवाज लिहीत नाही, तो दहाचा कितवा घात आहे एवढंच लिहितो. शंभरपट असेल तर दोन. हजारपट असेल तर तीन. हाच लॉगरिदम, अकरावीत ज्याच्या तक्त्याने माझे मार्क खाल्ले तो. त्याला दहाने गुणलं की डेसिबल. दोनाचा लॉग सुमारे ०.३, म्हणून या हिशेबात दुपटीला तीन वाढतात, निम्म्याला तीन जातात.

आणि डेसिबलवरून खऱ्या आवाजाकडे परत यायचं, तर उलट्या वाटेने यायचं. दहाने भागायचं आणि दहाचा तितका घात काढायचा. जाताना लॉग, येताना घात. एकाने केलेलं दुसरा पुसतो, म्हणून ती एकमेकांची व्यस्त फलनं. पंच्याहत्तरचे पंचावन्न म्हणजे वीस कमी. वीसला दहाने भागलं, दोन. दहाचा दुसरा घात शंभर. म्हणजे शंभरातला एकच हिस्सा आवाज बोळात यायला हवा.

"नव्व्याण्णव हिस्से मी ठेवू कुठे?" रफीकभाईंनी विचारलं.

"पेटीत."

दोन्ही चक्क्यांभोवती आम्ही जाड प्लायची पेटी बांधली, आतून आवाज शोषणारी काचलोकर लावली. आमच्या भाषेत एन्क्लोजर, रफीकभाईंच्या भाषेत कपाट. पीठ डब्यात पडतं त्या बाजूला साफसफाईसाठी एक दार ठेवलं. हे दार कागदावर मला फार शोभून दिसलं होतं.

तपासणीच्या सकाळी मी लवकरच गॅलरीत मीटर लावला. गोगटेबाई म्हणाल्या, "तुम्ही मोजा. मी तेवढ्यात एक काम उरकून येते." गिरणी सुरू झाली. मी रुबाबात मीटरकडे पाहिलं.

पासष्ट.

अधिकारी कोणत्याही क्षणी येणार होते. मी मीटर हलवून पाहिला, बॅटरी काढून घातली. मीटर चुकीचा निघावा अशी इच्छा मी तेव्हाच पहिल्यांदा केली. पासष्टच. मग डोकं चालवलं. वीसऐवजी दहाच कमी झाले. दहाला दहाने भागलं, एक. दहाचा पहिला घात दहा. म्हणजे शंभरातला एक नव्हे, दहातला एक हिस्सा बाहेर येतोय. पेटीचा दहावा भाग उघडा असला तरच हे होतं. आणि दहावा भाग म्हणजे माझं ते शोभून दिसणारं दार.

मी पळत खाली गेलो. दार सताड उघडं. दारात गोगटेबाई, नजर पिठाच्या धारेवर.

"बाई, दार का उघडलंत?"

"माझी भाजणी आहे आत. आधी कोणाची तरी ज्वारी होती."

"पण आवाजाची तक्रार तुमचीच ना?"

"तक्रार आवाजाची आहे. दळणाची नाही. दार लावलं तर बाहेर येणारं पीठ माझंच कशावरून?"

मी रफीकभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "साहेब, आपलं पीठ पडताना बघायचं, ही इथली पद्धत आहे. बघू दिलं नाही तर गिऱ्हाईक जाईल दुसरीकडे. मग गिरणी आपोआपच शांत."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

गल्ल्याच्या टेबलावर जाड काच होती. मी ती उचलली. दार बिजागरीतून काढलं आणि तिथे काच उभी केली. पण कडेने बोटभर फट राहिली. फट म्हणजे पुन्हा डेसिबल.

"बुजवायला काही आहे का?"

"पिठाच्या गिरणीत काय असणार?" गोगटेबाई म्हणाल्या. "रफीक, ते खाली सांडलेलं दे आणि तांब्याभर पाणी आण." त्यांनी तिथेच घट्ट गोळा मळला. आम्ही तिघांनी काचेभोवती कणीक थापली. बाईंची थापण्याची पद्धत सुबक होती. माझी पाहून त्यांनी ते काम माझ्याकडून काढून घेतलं.

अधिकारी आले, गॅलरीत गेले. चौपन्न. त्यांनी मीटरकडे दोनदा पाहिलं, आकडा लिहिला, मग खाली येऊन काचेभोवतीच्या कणकेवर बोट दाबलं.

"हे कुठलं मटेरियल?"

"स्थानिक," मी म्हणालो.

गिरणी वाचली. पुढच्याच आठवड्यात तिथे रबराच्या कडेची पक्की दुहेरी काच बसवली. आता लोक काचेतून आपलं पीठ पाहतात आणि समाधानाने घरी जातात. तेव्हापासून मी कुठलीही पेटी आखण्याआधी एक प्रश्न विचारतो: इथे उभं राहून कोण काय बघतं? लॉगच्या तक्त्यात तो नाही.

महिन्याभराने रफीकभाईंचा फोन आला.

"साहेब, गिरणीत आता फार शांत वाटतं."

"चांगलं आहे की."

"चांगलं कुठलं? संध्याकाळचा बाईंचा क्लास सगळा ऐकू येतो. त्या दोन मुली परत आल्यात. तुमचं ते गणित उलटं पण चालतं म्हणाला होतात ना?"

"चालतं. पण पेटी मग त्यांच्याकडे बांधावी लागेल."



"राहू द्या," ते म्हणाले. "भाजणी दळायला येतात बाई."