रक्तातला हुकूम

आमच्या गल्लीत कुणी पळालं की फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार खुर्चीतून उठत. मग तो शाळेला उशीर झालेला पोरगा असो, की शेळीमागे धावणारी बाई. काठी आडवी धरून विचारत, "कुठं आग लागलीया? चाल, गड्या, चाल." रहिमतपूरच्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायला आले आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहिले. त्याच आठवड्यात साताऱ्याच्या एस्टीमागे धावत सुटले, तर त्यांनी मलाही अडवलं. "बाई, पळू नगा. एस्टी दुसरी येती. माणूस दुसरं येत न्हाई." एस्टी गेली ती गेलीच. म्हातारा चक्रम आहे असं ठरवून मी पुढे बरेच दिवस त्यांच्याशी तुटक वागले.

राग टिकवणं मात्र अवघड होतं, कारण रोज त्यांच्याकडून आमटीची वाटी यायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाक ते स्वतःच करत, पण हात पलटणीच्या लंगरात तयार झालेला. एका माणसापुरतं त्यांना जमतच नसे. "कमी करायला गेलं की चव जाती," म्हणायचे. दिवसभर त्यांचा टीव्ही मोठ्याने चालू असे, आणि ते त्याच्याकडे पाठ करून बसलेले असत. एकदा मी तक्रार केली. म्हणाले, "आवं, घरात कुणीतरी बोलाय पायजे न्हवं." मीही एकटीच राहणारी. पुन्हा तक्रार करायला तोंड उघडलं नाही.

पळण्याची गोष्ट त्यांनीच एका दुपारी शेंगा फोडता फोडता सांगितली. धाकटा भाऊ भरतीच्या मैदानावर पळताना कोसळला, तो उठलाच नाही. लोक म्हणाले, ऊन लागलं. पुढे मुलगा मोठा झाला, संजय. त्याला फौजेत घालायचं म्हणून सुभेदार स्वतः त्याला पहाटे माळावर नेऊन पळवत. एके दिवशी पोरगा म्हणाला, छातीत कसंतरी होतंय.

"मी म्हनलं, नाटकं करू नगंस. आन् शिट्टी फुकली. त्यो पळाला, बाई. माझं ऐकून पळाला."

शेंगा फोडणारे त्यांचे हात थांबले नाहीत. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

संजय गेल्यावर सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाचा स्नायू जाड होत जाणारा हा आजार घराण्यातून येतो, रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांना तपासून घ्या. सुभेदारांनी भावकी गोळा केली. पुतणे, चुलतभाऊ, त्यांचे मुलगे अशी जीप भरली. वाटेत माधवनगरला त्यांची लेक सुनीता दिलेली. सगळे तिच्याकडे थांबले, तिने सगळ्यांना चहा-पोहे केले, आणि मंडळी पुढे तपासायला गेली. तूही चल म्हणावं, हे एकाच्याही मनात आलं नाही. दिली लेक दुसऱ्या घरची झाली, भावकीत मोजायचे ते मुलगे. बाकी सगळे निर्दोष निघाले. संजयच्या रक्तात जो दोष होता तो फक्त सुभेदारांच्या रक्तात सापडला, आणि त्यांचं हृदय मात्र ठणठणीत!

"ह्यो तुमचाच इषय न्हवं?" त्यांनी मला विचारलं. "मग सांगा, माझ्यात असून मला काय न्हाई, ही कसली तऱ्हा?"

मी जमेल तसं सांगितलं. जनुक म्हणजे शरीराला मिळालेला हुकूम, स्नायू कसा बांधायचा त्याचा. तुमच्या घरातल्या हुकमात चूक आहे. पण कुठल्या शरीरात तो किती अमलात येतो, हे इतर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं. एकाच्या हृदयाची भिंत जाड होते, दुसऱ्याला जन्मभर काही होत नाही. असं का, ते अजून कुणालाच पुरतं सांगता येत नाही.

सुभेदारांनी शेंगांची टरफलं गोळा केली. "म्हंजे चुकीचा हुकूम माझ्याकडनंच पुढं गेला. माझ्यात कुणी पाळला न्हाई, पोरानं पाळला." मग हळूच म्हणाले, "हुकूम पाळायची सवय तरी त्येला कुणी लावली? मीच."

मी विचारलं, "आणि सुनीताचं काय?"

"ती आता त्यांच्या घरची."

माझं डोकं फिरलं. "सुभेदार, कन्यादान तुम्ही केलंत. रक्ताला त्याचा पत्ता नाही. तिच्यातही तो दोष असण्याची शक्यता रुपयात आठ आणे आहे."

"आन् सासरच्यांनी टाकली म्हंजे?"

"टाकली तरी जिवंत असेल."

त्यानंतर काही दिवस खालून टीव्हीसुद्धा ऐकू आला नाही. मग एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. "चला, बाई. माझ्या एकल्याच्यानं हुयाचं न्हाई."

माधवनगरला सोप्यात उभं राहूनच त्यांनी व्याह्यांच्या घरी सगळं सांगून टाकलं. सासू म्हणाली, "आजारी पोरगी आमच्या गळ्यात मारली व्हय?" जावई सरळ माणूस. तो उठला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाला, "आजच जाऊ." सुनीता त्याच्यामागून निघाली.

दोष निघाला. भिंतही जाड झालेली होती. तिला मधूनमधून चक्कर यायची, ती घरात सगळे उपासाची समजत होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. छातीच्या वरच्या बाजूला कातडीखाली एक लहानसं यंत्र बसवलं, ठोके बिघडले तर झटका देऊन ताळ्यावर आणणारं. घरी सोडण्याच्या दिवशी सुभेदार तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, तर तिने मान बाजूला घेतली.

"आबा, माझ्या हातचा चहा पिऊन तुमी समदी तपासायला गेलासा. मला कुणी चल म्हनलं न्हाई. मी दादाची भन न्हवती व्हय?"

सुभेदारांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

त्यानंतर ती माहेरी आली नाही. दिवाळीला नाही, गावच्या जत्रेला नाही. सुभेदार मात्र दर आठवड्याला माधवनगरला जात. तिच्या घरासमोरच्या टपरीवर एक चहा घेत. ती दळण घेऊन जाताना किंवा कपडे वाळत घालताना दिसली की परतीची एस्टी धरत. हाक मारत नसत.

पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. सामान टेम्पोत चढलं तरी माझा पाय निघेना. एवढ्या मोठ्या घरात हा माणूस आता कुणाशी बोलणार, या विचाराने मला रडू येत होतं. मी म्हणाले, "सुनीता येईल बघा कधीतरी."

"न्हाई यायची. लय मानी हाय. माझ्यावरच गेलीया." सुभेदार टेम्पोची दोरी ओढून बघत होते. "कालच जाऊन आलो. दारात हुती. मला बघितलं आन् आत गेली."

दोरीची गाठ त्यांनी पुन्हा एकदा आवळली.

"येत न्हाई, बाई. बोलत न्हाई. पण हाय न्हवं."