बाहेरचं ऐकू न येणारा हेडफोन

"ह्यांना कितपत ऐकू येतं?" दुकानदारानं विचारलं. मला न्हाई, माझ्या थोरल्या भावाला. मी दोघांच्या मधी उभा.

"कानापाशी डफडं वाजवा, मंग येतं," दादा म्हणाला. दुकान हसलं. दादाचे ओठ मला वाचता येतात. तरी मीबी हसलो.

पंधरा वर्षं कापसाच्या जिनिंगमधी मशीनपाशी काढली. कान तिथंच ठेवून आलो. तेव्हापासून माझा एकच हुन्नर. ऐकू आलं न्हाई की मान डोलवायची. परत विचारायची लाज. एकदा तेराव्याच्या पंगतीत अशीच मान डोलवत पाच लाडू खाल्ले. घरात ही गोष्ट मीच रंगवून सांगायचो.

त्या दिवशी कुंभार पिंपळगावहून जालन्याला आल्तो. टीव्ही बघताना मला हेडफोन पाहिजे, हे दादानंच काढलं. मला भरून आल्तं. भावाला आपल्या कानाची काळजी!

दुकानदारानं दोन ठेवले. एक पातळ स्पंजाचा. दुसरा जाड गादीचा, कान पुरा झाकणारा. गादीचा दुकानातल्या टेपरेकॉर्डरला जोडून माझ्या डोक्यावर चढवला, घरी भरलेली भजनाची कॅसेट लावली, आवाज पुरा केला. टाळ ऐकू आले. किती वर्षांनी!

भजन संपलं. मला बटणांची खोड. लाल बटण दाबलं. ते निघालं रेकॉर्डिंगचं. टेपच्या माईकमधून सगळं दुकान माझ्या कानात शिरलं. पाठीमागं दादा बोलत होता.

"हाच द्या, गादीचा. बाहेरचं बिलकुल ऐकू न्हाई आलं पाहिजे. ह्याच्या पोरीची सोयरीक मंठ्याला जमवून राह्यलो. नवरदेव बिजवर हाय, हे ह्याला ठावं न्हाई. बैठकीत ह्यानं मान डोलवली, झालं काम. आता पाव्हणे येतील जातील, उगं काही कानावर पडायचं."

माझी पोरगी. बारावीत शिकणारी.

ती बैठक मला आठवली. तेव्हा मला वाटलं होतं, पाव्हणे चहाचं विचारतेत.

टेप मागं नेली. हेडफोनची पिन उपसली. बटण दाबलं. सगळ्या दुकानात दादा बोलला. बिजवरासकट. या वेळी कुणी हसलं न्हाई.

"चल, घरी बोलू. लोकं बघून राह्यलेत."

"बघू दे." फार मोठ्यानं म्हणालो असेन. बहिऱ्याला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो.

स्पंजाचा हेडफोन घेतला. त्यात टीव्ही जरा कमी येतो, पण बाजूचं माणूस बोललं तर तेबी येतं. तिथून घरी न जाता मंठ्याची गाडी धरली. पाव्हण्यांना त्यांच्याच ओसरीत सांगितलं, पोरगी देत न्हाई.

दादाला मी माफ केलेलं न्हाई. करणारबी न्हाई. आता कुणी काही विचारलं की म्हणतो, समोर बस, मोठ्यानं बोल, परत बोल. लोक कंटाळतात. कंटाळू द्या. मला कळेस्तोवर माझ्या घरातली कुठलीच गोष्ट ठरली, असं मी मानणार न्हाई.